शांब्रोलच्या कोंबड्याची धर्मआई

शांब्रोल, २२ सप्टेंबर १९७४

लेओनी,

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही, तसा गैरसमज करून घेऊ नकोस. आणि ओर्तांसला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. माझ्या लिहिण्यात चार चुका सापडल्याशिवाय तुझ्या बहिणीला जेवण पचत नाही.

लिहायचं कारण म्हणजे चर्चची किल्ली. तू गेलीस, पण किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यालाच राहिली, आणि लोक तर दार ठोठावतातच. काल एक उंच डच जोडपं आलं. मी चुन्याच्या गोणी उतरवून घेत होतो. म्हटलं, बाई घरी नाहीत. तर ते म्हणाले, चालेल, तुम्ही दाखवा. गेलो. बाईनं विचारलं, चर्च किती जुनं? मी म्हटलं, माझ्याहून जुनं. ती हसली, म्हणजे निदान सुरुवात तरी बरी झाली. मग तिनं मान वर केली. वेदीवरचं छत दगडी घुमटाचं आणि लोक बसतात तिथलं लाकडी, असं का? मी ठोकून दिलं की बांधता बांधता दगड संपला असेल.

संध्याकाळी फादर लुबें भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, इंग्रजांनी त्या शंभर वर्षं लांबलेल्या लढाईत जाळलं ते. भिंती उरल्या, छत गेलं. दगडाचे कारागीर मेले होते नाही तर पळाले होते, ओकची झाडं मात्र होती आणि ल्वार नदीवर होड्या बांधणारे सुतार होते. त्यांना छत सांगितलं, त्यांनी होडी बांधली आणि उलटी करून भिंतींवर ठेवली. मी आत जाऊन बघितलं. खरंच होडी आहे. तीस वर्षं तिच्याखाली बसून मी पेंगलोय. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलंही असशील.

चर्चच्या मनोऱ्यावरचा, वारा दाखवणारा तांब्याचा कोंबडा कपाटावरच आहे. मनोऱ्याचं टोक उतरवलंय, ओकच्या फळ्यांची नवी कौलं बसतायत, तोवर तो आपल्याकडे. तुझी घासून झालेली बाजू लख्ख, दुसरी हिरवीच. जर्मनांनी नेमबाजीसाठी पाडलेली भोकं हिरव्या बाजूला आहेत. मी जेवतो तेव्हा त्या भोकांतून तो माझ्याकडे बघतो.

त्या रविवारच्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नाही. मेयर ग्रिव्होनं जाहीर केलं की कोंबडा परत वर चढवायच्या समारंभात त्याची धर्मआई लेओनी आणि धर्मबाप आपले देल्मोत साहेब. पॅरिसहून सरकारनं पाठवलेला आर्किटेक्ट, ईस्टरपासून माझ्याच माडीवर राहतो, माझंच लोणी खातो, आणि आता माझ्याच बायकोशेजारी कोंबड्याची फीत धरून उभा राहणार. मी एवढंच म्हटलं, की जमलंच आहे तर फादरनं लगेहाथ लग्नही लावून टाकावं. लोक हसले. विनोद होता तो. तू उठलीस, एप्रनची घडी घातलीस आणि वर गेलीस. सकाळी नेव्हेरच्या बसमध्ये बसलीस.

हे मी लिहिणार नव्हतो.

फिर्मँ


शांब्रोल, ५ ऑक्टोबर

लेओनी,

उत्तर आलं नाही. डाक खात्याचा गोंधळ असेल असं मी सगळ्यांना सांगतो.

गाव मजेत आहे. बेकरीत शिरलो की बोलणं थांबतं, बाहेर पडलो की सुरू होतं. आणि माझे कान तुला माहीत आहेत. काल बेकरीणबाई म्हणाली, "गावातला एकुलता एक कोंबडा फिर्मँ ब्यूजोच्या घरी, आणि कोंबडी उडाली नेव्हेरला." मी परत आत गेलो आणि म्हटलं, पाव कच्चा आहे. तेवढाच सूड.

मी ठरवलं, ही भानगडच मिटवून टाकू. कोंबडा गाडीत घातला, चर्चपाशी नेला आणि छपराचं काम करणाऱ्या कास्तान्येला हाक मारली. म्हातारा मनोऱ्याच्या परांचीवर बसून चीज खात होता. म्हटलं, चढव हा आजच, वारा नाही. तो खाली आला, हात पुसले, कोंबड्याकडे बघितलं.

"घरोघर फिरला का?"

नाही म्हटलं.

"धर्मआईनं पुरता घासलेला नाही, फिती नाहीत, एका उंबऱ्यालाही टेकलेला नाही. असा कोंबडा घेऊन मी शिडीवर पाय ठेवणार नाही. तुझी घाई तुझ्या घरात ठेव, फिर्मँ."

मी म्हटलं, तांब्याचा पत्रा आहे, त्याला काय कळतं. तर त्याच्या हाताखालचे सगळेच चीज खायला बसले. मी त्यांना गाडी देतो, चुना देतो, दुपारची वाइन देतो. पण माझ्या शब्दावर एकानं हातोडी उचलली नाही. कोंबडा परत कपाटावर.

दुसरी युक्ती म्हणून मेयरकडे गेलो. म्हटलं, लेओनीला धर्मआई करा, माझी ना नाही, पण धर्मबाप मलाच करा. हे अर्धं गाव मी बांधलंय. ग्रिव्होनं डोकं हलवलं. म्हणाला, तू बाहेरून आलेला, म्हणून तुला ठाऊक नाही. (चाळीस वर्षं झाली मला येऊन, पण शांब्रोलमध्ये माणूस मेल्यावरच गावचा होतो.) धर्मआई आणि धर्मबाप कधी एका घरचे नसतात. कोंबड्यानं सगळ्या गावावर नजर ठेवायची असते. एकाच घरानं दोन्ही फिती धरल्या तर तो त्या घरचा कोंबडा होतो, गावचा राहत नाही. लेओनी, तुझ्याच वडिलांनी, ते चर्चची घंटा वाजवायचे तेव्हा, एकदा एक नवरा-बायको ह्याच कारणासाठी पायरीवरून परत पाठवले होते म्हणे.

म्हणजे कायदाच असा, की तुझ्याशेजारी कुणीही चालेल, मी सोडून.

तू म्हणशील, ह्यात जळण्यासारखं काय आहे. सांगतो. आपल्या चर्चचा तो वेदीवरचा अर्धा घुमट आवाज उचलतो आणि सरळ मोठ्या दारापाशी, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ, आणून टाकतो. जून महिन्यात मी चुना घेऊन आलो होतो. तुम्ही दोघं पार वेदीमागे भिंतीला नाक लावून उभे, आणि मी कुंडाजवळ. त्याचा प्रत्येक शब्द माझ्या कानात. तो म्हणाला, "मादाम, हे चर्च वाचता येणारं ह्या गावात तुमच्याशिवाय कुणी नाही." असं बोलणारी माणसं मी बाजारात खूप बघितली आहेत, त्याचं मला काही नाही. मग तू हसलीस. आणि म्हणालीस, "घरी मी एवढं बोलतच नाही."

मी गोणी दाराबाहेर टाकली आणि निघून आलो. ती गोणी दुसऱ्या दिवशीच्या पावसात भिजून दगड झाली.

फिर्मँ


शांब्रोल, १७ ऑक्टोबर

लेओनी,

तुझं कार्ड आलं. नेव्हेरच्या पुलाचं चित्र छान आहे. मागचा मजकूर पोस्टमननं माझ्याआधी वाचला आणि त्याचा चेहरा बघून मला आधीच कळलं काय असेल ते. "कोंबडा चढेल त्या दिवशी येईन. चर्चसाठी येईन. संध्याकाळी परतीची बस आहे का बघून ठेव." बघितली. आहे, सहाला. पोस्टमननंच सांगितलं, मी विचारायच्या आधी.

देल्मोतनं तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, माहीत नाही. नवऱ्याला बायकोचा पत्ता माहीत नाही, हे ऐकून तो भला माणूस ओशाळला आणि माझीच माफी मागू लागला. आपला राग ज्याच्यावर आहे तो माणूस चांगला निघाला की फार त्रास होतो. निदान त्यानं सूप तरी मोठ्यानं भुरकावं. तेही नाही.

पत्ता कशाला हवा होता, ते मग त्यानं मला वेदीमागे नेऊन दाखवलं. भिंतीवरचा चुन्याचा थर ते लोक डॉक्टरांच्या चाकूनं पापुद्रा पापुद्रा काढतायत. आधी घोड्याचा पाय निघाला, मग खोगीर, मग तलवार धरलेला हात आणि तांबडा झगा. संत मार्टिन, भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देतोय. आठशे वर्षांचा आहे, आणि तांबडा असा की काल रंगवून वाळायला ठेवलाय. देल्मोत म्हणाला, हे तुम्हाला बघायला मिळतंय ते मादाममुळे. त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं, की पावसाळी हवेत ह्या ठिकाणी चुन्याखालून लाल उमटतं. लहानपणापासून त्या बघत आल्यात.

मी म्हटलं, हो, मला बोलली होती.

बोलली नव्हतीस. मग गावातलं सगळं जुनं ठाऊक असणाऱ्या फिलोमेन आजीकडून काढून घेतलं. तिचं म्हणणं, तुझ्या वडिलांनी तुला बजावलं होतं: ते लाल कुणाला दाखवू नकोस, गवंडी येतील, भिंत खरवडून दगड उघडा पाडतील आणि म्हणतील बघा किती जुनं दिसतंय. गावोगावी तेव्हा तेच चाललं होतं. तू वडिलांचं ऐकलंस, कुणाला सांगितलं नाहीस. आणि लग्न केलंस ते गवंड्याशी. आजी हे सांगताना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मी नाही हसलो. एका छपराखाली राहून तू त्या भिंतीला माझ्यापासून लपवून ठेवलंस, जशी एखादी बाई... जाऊ दे. आणि परका माणूस आला तर आठवड्यात सांगून मोकळी. मला आधी वाटत होतं, मी देल्मोतवर जळतोय. तो तर पुढच्या वसंतात जाईल. मी जळतोय त्या तांबड्या झग्यावर. त्या उलट्या होडीवर. तू मला अर्धं दिलंस, लेओनी, आणि अर्धं कापून तिकडे दिलंस. आणि मोठा अर्धा कुठला, ते मला कळतं.

आता लोकांना चर्च मीच दाखवतो. थोडं थोडं जमतंय. परवा बूर्जची एक शिक्षिका म्हणाली, ह्या काळ्या पट्ट्याचं काय? म्हटलं, गावचा जहागीरदार मेला की भिंतीभोवती काळा पट्टा ओढायचे, सुतकाचा. क्रांती झाली तेव्हा लोकांनी त्यावर चुना फासला, जहागीरदाराला वाटलं असेल आपण भिंतीवर कायमचे राहिलो. ती वहीत लिहून घेत होती. मला असा आनंद झाला, आणि लगेच वाटलं, हे ऐकायला लेओनी हवी होती; आणि लगेच वाटलं, तिनं हे कुणाकुणाला सांगितलंय, मला सोडून. मला चैन पडत नाही.

फिर्मँ


शांब्रोल, २८ ऑक्टोबर

लेओनी,

तारीख ठरली. संत मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, सकाळी मिस्सेची प्रार्थना, मग कोंबडा घरोघर, दुपारी वर. तुला मेयरचं रीतसर आमंत्रण आलंच असेल.

आता एक गोष्ट. ती मी चार दिवस दाबून ठेवली आहे.

गुरुवारी ग्रिव्हो, फादर आणि फिलोमेन आजी अशी तिघं आपल्याकडे आली. मी बटाट्याची पोळी केली होती, तुझ्यासारखी नाही, पण आजीनं दोन तुकडे घेतले. खाऊन झाल्यावर ग्रिव्हो टेबलावरचे कण गोळा करत बसला. मेयर कण गोळा करायला लागला की समजावं, मनोऱ्याच्या फळ्या संपल्यात आणि माझ्या वखारीत आहेत. तसंच निघालं. मी म्हटलं, न्या. मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, "फिर्मँ, तुझी धर्मबाप व्हायची इच्छा होती ना. वाट निघू शकते."

मी म्हटलं, एका घरचे चालत नाहीत, तुम्हीच सांगितलंत.

ग्रिव्होनं आजीकडे बघितलं. गावच्या रीतीचा शब्द शेवटी तिचाच. ती म्हणाली, "एका घरचे चालत नाहीत. पण तुम्ही आता कुठे एका घरचे आहात? ती नेव्हेरला बहिणीकडे, तू इथं. तिची चूल वेगळी, तुझी वेगळी. दोन उंबरे म्हणजे दोन घरं. तू उभा राहा की बाबा, रीत मोडत नाही."

फादर खिडकीबाहेर बघत होते.

लेओनी, मला काय वाटलं ते खरं सांगू? आधी आनंद झाला. असा आनंद की मी उठून प्लमची दारू काढली. डोळ्यांपुढे आलं: सगळं गाव चौकात, तू एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये कोंबडा, आणि देल्मोत तिकडे कॅमेरा घेऊन गर्दीत. बेकरीणबाई बघतेय. माझ्या हातात फीत. कुणाला हसायची हिंमत नाही. मी म्हटलं, कळवतो. ती माणसं गेली आणि मी कोंबड्यासमोर उभा राहून त्याची हिरवी बाजू घासायलाही घेतली. मग फडकं ठेवलं. धर्मआईचं काम आहे ते.

कळवायचं मात्र राहिलंय. रोज सकाळी ठरवतो, आज ग्रिव्होला हो म्हणून टाकू. चौकापर्यंत जातो, तंबाखू घेतो, परत येतो. तंबाखू आता घरात एवढी साठली आहे की दुकान काढावं.

तू काही लिहू नकोस. तुझं मत मी विचारत नाहीये.

फिर्मँ


शांब्रोल, २ नोव्हेंबर

प्रिय लेओनी,

काल सर्व संतांचा दिवस होता. मिस्सेनंतर सगळे बाहेर पडत होते, तेव्हा ग्रिव्होनं मला कुंडाजवळ गाठलं. मुद्दामच, लोकांदेखत. आवाज चढवून म्हणाला, काय ब्यूजो, मग फिती कुणाच्या नावानं शिवायला सांगू?

देल्मोत शेजारीच उभा होता. तो घाईघाईनं म्हणाला की आपण आनंदानं बाजूला होतो, ब्यूजोंनाच मान मिळावा, त्यांची मनापासून तशी इच्छा दिसते. तोही सुटू बघत होता बिचारा. माझ्या बाजूनं सगळं जुळून आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

माझ्या तोंडून हो निघेना. हो म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. सगळ्या गावासमोर, चर्चच्या दारात, मी माझ्या तोंडानं म्हणायचं की ब्यूजोचं घर वेगळं आणि लेओनीचं वेगळं. तू बसमध्ये बसलीस तेव्हासुद्धा असं म्हणाली नाहीस. कार्डावर परतीची बस विचारलीस, पण घर वेगळं झालं असं कुठं लिहिलं नाहीस; मी ते कार्ड इतक्या वेळा वाचलंय की पुलाची कमान माझ्या बोटांनी पुसट झालीय. जे तू म्हणाली नाहीस ते मी म्हणायचं, आणि कशासाठी, तर अर्धा दिवस फीत धरायला मिळावी म्हणून.

मी म्हटलं, "माझी बायको बहिणीला भेटायला गेली आहे. आमचं घर एकच आहे. एका घरचे दोघं चालत नाहीत, ही तुमचीच रीत. धर्मबाप देल्मोत."

वेदीपाशी मेणबत्त्या विझवणाऱ्या फिलोमेन आजीनं तिथून विचारलं, आणि तिचं पुटपुटणं घुमटानं उचलून आमच्यात आणून टाकलं, "आणि तू काय करशील मग?"

"बघत राहीन," मी म्हटलं.

"जळशील."

"जळेन, आजी."

बेकरीणबाई हसली. पण वेगळं हसली, आणि आज सकाळी पाव भाजलेला दिला.

तर असं आहे. अकरा तारखेला तू येशील. धर्मआई म्हणून तुझा मान आहे, तो घे. देल्मोत तुझ्या डावीकडे उभा राहील. त्याच्याशी बोल, मोकळेपणानं बोल, पाहिजे तर सबंध चर्च त्याला पुन्हा वाचून दाखव. मी समोर असेन, कास्तान्येच्या माणसांत. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, ते काही बघण्यासारखं नसेल. मी सुधारलो वगैरे नाही. तो तुझ्या कानाशी काही बोलला तर माझे कान तिकडेच असतील, आणि तू हसलीस तर मला ते हसू दिवसभर पुरेल.

पण तिथं मी तुझा नवरा म्हणून जळत असेन. तुझ्याशेजारी दुसऱ्या घरचा माणूस म्हणून मिरवण्यापेक्षा मला ते परवडतं.

तुझा,
फिर्मँ